मोठ्याच्या वयाचा हप्ता, धाकटीची पुढची वर्षे

दरवर्षी ३१ मे रोजी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शाळांत, तहसील कचेऱ्यांत आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी होते. त्याचे कारण जुन्या हजेरीपटात सापडते. जन्मनोंद ठेवण्याची पद्धत नसलेल्या काळात गुरुजींनी शाळेत नाव घालताना असंख्य मुलांपुढे १ जून ही जन्मतारीख लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, फेटा, दोन भाषणे, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस घरी येतो. त्या दिवसापासून पगार थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट थांबते आणि तिची जाणीव पहिल्या मोठ्या आजारपणात होते. नोकरीत असताना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या दवाखान्याच्या बिलांची शासनाकडून होणारी प्रतिपूर्ती राज्याच्या निवृत्त कर्मचाऱ्याला सरसकट मिळत नाही.

घरी त्याची वाट पाहणारी पत्नी बहुधा त्याच्याहून बरीच लहान असते. आज साठी-पासष्टीत असलेल्या मराठवाड्यातल्या स्त्रियांची लग्ने साधारणपणे १९७५ ते १९८५ या दशकातली. मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा करणारी कायद्यातली दुरुस्ती १९७८ ची, त्याआधी ते पंधरा होते. मुलगा नोकरीला लागल्यावर आणि मुलगी सातवी-आठवीतून काढून असे जुळवलेले संसार या भागात घरोघरी दिसतात, आणि नवरा-बायकोच्या वयात सात, आठ, कधी दहा-बारा वर्षांचे अंतर असणे कुणाला खटकत नसे. ही गोष्ट पुरती इतिहासजमाही झालेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के होती.

संसार चालू असताना हे अंतर जाणवत नाही. आरोग्य विम्याच्या कागदावर मात्र ते रुपयांत मोजले जाते. विमा कंपनी दोघांना एक कुटुंब समजून मोठ्याच्या वयाने दर लावते. सरकारी योजना दोघांना वेगळे समजून ज्याची त्याची जन्मतारीख पाहते. आणि जोडीतली धाकटी व्यक्ती, जिला सर्वांत जास्त वर्षे आणि बहुधा एकटीने या संरक्षणाची गरज लागणार आहे, ती दोन्ही हिशेबांत मागे पडते.

फ्लोटरचे गणित

एजंट निवृत्त जोडप्याला सहसा फॅमिली फ्लोटर सुचवतो. पाच किंवा दहा लाखांची एकच रक्कम, दोघांत मिळून. त्यात बहुतेक कंपन्या हप्ता ठरवताना कुटुंबातल्या सर्वांत मोठ्या सदस्याचे वय धरतात. काही पॉलिसींत, विशेषतः सरकारी कंपन्यांच्या काही योजनांत, प्रत्येकाचा हप्ता वेगळा काढून बेरजेवर सूट देतात. म्हणून दरपत्रक मागून घेणे ही पहिली पायरी ठरते.

हिशेब कसा बदलतो हे समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा, एका कंपनीत पाच लाखांच्या वैयक्तिक पॉलिसीचा वार्षिक हप्ता सत्तरीच्या माणसाला ३६ हजार, अडुसष्टीच्या बाईला ३४ हजार आणि एकोणसाठीच्या बाईला २० हजार आहे. सत्तरीचा सदस्य धरून दोघांच्या फ्लोटरचा हप्ता ५८ हजार आहे. नवरा सत्तरीचा आणि बायको अडुसष्टीची असेल तर वेगळ्या पॉलिसींना ७० हजार लागतील, म्हणजे फ्लोटर १२ हजारांनी स्वस्त. तीच बायको एकोणसाठीची असेल तर वेगळ्या पॉलिसींचे ५६ हजार होतात. फ्लोटर दोन हजारांनी महाग पडतो आणि वर पाच लाख दोघांत वाटून घ्यावे लागतात. वेगळ्या पॉलिसींत तेवढ्याच पैशांत प्रत्येकाचे स्वतःचे पाच लाख राहतात. प्रत्यक्षातले दर कंपनीगणिक वेगळे असतील, पण वयातले अंतर जितके मोठे, तितका फ्लोटरचा फायदा आटत जातो, ही दिशा बदलत नाही.

फ्लोटरची दुसरी अडचण पैशांपलीकडची आहे. तरुण कुटुंबात चार जणांपैकी एखादाच एका वर्षात रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता असते, म्हणून एकच रक्कम सगळ्यांना पुरते. सत्तरीचा नवरा आणि साठीची बायको यांच्या बाबतीत हा भरवसा धरता येत नाही. त्याची अँजिओप्लास्टी जूनमध्ये झाली आणि तिचा खुबा दिवाळीत मोडला, तर दुसऱ्या बिलासाठी शिल्लक किती उरली हे आधी बघावे लागते.

नियम मात्र २०२४ पासून ज्येष्ठांच्या बाजूने बरेच सरकले आहेत. पूर्वी कंपन्यांना ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला पॉलिसी देणे बंधनकारक होते, त्यापुढच्याला त्या सहज नाकारत. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ही वयाची अट काढली आणि सर्व वयोगटांसाठी पॉलिसी आणण्यास सांगितले. अर्ज आला म्हणजे तो मंजूर होईलच असे नाही, वैद्यकीय तपासणीनंतर नकार देण्याचा कंपनीचा अधिकार कायम आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू ठेवल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा फेटाळता येत नाही. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता.

हप्तेवाढीवरही लगाम आला. ३० जानेवारी २०२५ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला की साठीपुढच्या विमाधारकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. ५० हजारांच्या हप्त्यावर ९ हजारांचा कर वाचणे पेन्शनरच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. समूह पॉलिसींना ही सूट नाही.

तरीही दहा टक्के ही मर्यादा ऐकायला वाटते तितकी लहान नाही. दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढणारा हप्ता सात वर्षांत जवळपास दुप्पट होतो. आज त्रेसष्टीच्या बाईच्या पॉलिसीला २६ हजार लागत असतील, तर ती सत्तरीला पोचेपर्यंत याच गतीने ते ५० हजारांच्या वर जातील.

सत्तरीचा उंबरठा

सत्तरी हा आकडा आता महत्त्वाचा झाला आहे, कारण २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीयाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. उत्पन्नाची अट नाही, पेन्शन किती हे विचारले जात नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालते. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरून, यादीतल्या दवाखान्यांत मोफत होतात. केंद्राच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या योजनेत असलेल्यांना दोहोंपैकी एक निवडावी लागते. एका घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात.

वयातल्या अंतराचा प्रश्न इथे उघड होतो. बहात्तरीच्या नवऱ्याकडे कार्ड आहे. त्रेसष्टीच्या बायकोला त्यासाठी सात वर्षे थांबायचे आहे. गुडघे, मोतीबिंदू, रक्तदाब, मधुमेह, गर्भाशयाच्या तक्रारी यांचा जोर याच सात वर्षांत असतो. नवऱ्याच्या कार्डावर जोडीदार म्हणून तिचे नाव चढत नाही.

आणि वय ठरते आधार कार्डावरून. शाळेत गेलेल्या मुलांना निदान १ जून तरी मिळाला, शाळेची पायरी न चढलेल्या मुलींना तोही मिळाला नाही. त्यांचे आधारवरचे वय नोंदणीच्या दिवशी कुणीतरी अंदाजाने सांगितलेले असते. एखादी बाई प्रत्यक्षात सत्तरीची असूनही कागदावर चौसष्टीची असू शकते. विमा कंपनीच्या अर्जात एक वय, आधारवर दुसरे आणि पेन्शनच्या कागदांत तिसरे, असा घोळ असेल तर दाव्याच्या वेळी अडचण उभी राहते. त्यामुळे निरोगी असतानाच ही कागदपत्रे जुळवून घेणे अगत्याचे आहे.

मात्र महाराष्ट्रातल्या सत्तरीच्या आतल्या जोडीदाराला अगदीच उघड्यावर सोडलेले नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथे कामाला येते, आणि तिच्याशी नांदेडचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. लातूरसह उरलेल्या महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. २०१७ मध्ये नाव बदलले. सुरुवातीला पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक पात्र होते. पुढे मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही घेतले, त्यांत लातूर आणि नांदेड दोन्ही होते.

पेन्शनर मात्र बाहेरच राहत असे, कारण त्याच्याकडे शुभ्र शिधापत्रिका असे, पण शेतकरी असल्याचा सात-बारा नसे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ही योजना सर्व नागरिकांना खुली करण्याचा निर्णय घेतला आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले. १ जुलै २०२४ पासून ती त्या रूपात लागू झाली. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते, पुढे यादी वाढवण्यात आली. आज त्रेसष्टीच्या त्या बाईला याच योजनेचा आधार आहे, ही गोष्ट लातूर-नांदेडमधल्या अनेक निवृत्त कुटुंबांना माहीतच नसते.

या आधाराला तीन मर्यादा आहेत. पाच लाख हे कुटुंबाचे आहेत. म्हातारा-म्हातारीची नावे मुलाच्या शिधापत्रिकेवर असतील तर सून-नातवंडांच्या आजारपणातही तेच पाच लाख वापरले जातात. दुसरे, उपचार यादीत असावा लागतो आणि दवाखानाही. तिसरे, दाखल न होता होणारे उपचार आणि महिन्याच्या गोळ्या यांचा खर्च यात येत नाही. रक्तदाब, साखर आणि थायरॉइडच्या गोळ्या आयुष्यभर चालणार असतात, आणि पेन्शनरच्या खिशातून महिन्याला जाणारा खरा पैसा तोच असतो.

निवृत्तांचे नाना प्रकार

लातूर आणि नांदेडमध्ये निवृत्त माणूस एका साच्यातला नाही, आणि विम्याच्या बाबतीत कोण कुठून निवृत्त झाला यावर सगळे अवलंबून राहते.

राज्य सरकारच्या निवृत्तांसाठी २०१४ पासून समूह वैद्यकीय विमा छत्र योजना आहे. तीत निवृत्त कर्मचारी आणि जोडीदार यांना घेता येते, हप्ता मात्र स्वतः भरावा लागतो. ती प्रत्येक निवृत्ताला आपोआप लागू होत नाही, नाव नोंदवण्याची मुदत असते. निवृत्तीच्या आधीच कोषागारात किंवा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत चौकशी केली नाही, तर ही संधी निसटते.

नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना एकरकमी वर्गणीवर रेल्वेची वैद्यकीय सेवा आयुष्यभर मिळते, जोडीदारालाही, आणि कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतरही ती थांबत नाही. केंद्राच्या इतर खात्यांतले जे पेन्शनर सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहतात त्यांना महिन्याला एक हजार रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. २०१७ पासून ही रक्कम तेवढीच आहे.

निजामाच्या काळापासून मराठवाड्यात रुजलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिचे निवृत्त कर्मचारी इथल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. बँकांच्या निवृत्तांसाठी समूह पॉलिसी असतात, पण त्यांचा हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा असतो आणि जीएसटीची नवी सूट तिथे पोचलेली नाही.

सर्वांत हलाखी ईपीएस-९५, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनरांची. एसटीचे चालक-वाहक, सहकारी साखर कारखान्यांचे कामगार, सूतगिरण्यांचे आणि खासगी आस्थापनांचे नोकर यांत येतात. सप्टेंबर २०१४ पासून त्यांची किमान पेन्शन महिन्याला एक हजार रुपये आहे. अशा माणसाला वर्षाचा चाळीस हजारांचा हप्ता सांगणे निरर्थक आहे. या पेन्शनरांच्या देशव्यापी आंदोलनाची मुख्य मागणी किमान साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची आहे. तिच्याबरोबरच पती-पत्नी दोघांना मोफत वैद्यकीय सेवा द्या, ही मागणी ते सातत्याने लावून धरतात. दोघांना, असे ते ठासून सांगतात, आणि त्यामागे कारण आहे.

ज्यांनी कर्मचारी राज्य विमा योजनेखाली किमान पाच वर्षे काम करून वयानुसार निवृत्ती घेतली, त्यांना वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. औद्योगिक वसाहतींत राबलेल्या कामगारांपैकी कितीतरी जण केवळ माहिती नसल्याने हा हक्क सोडून देतात.

मग उरतो मुलाच्या कंपनीचा विमा. लातूरच्या शिकवण्यांतून घडलेली पिढी पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपन्यांत आहे आणि तिथल्या समूह पॉलिसीत आई-वडिलांना घेता येते. हा आधार चांगला, पण तो मुलाच्या नोकरीला बांधलेला आहे. नोकरी बदलली की तो तुटतो, आणि तेव्हा आई सदुसष्टीची आणि वडील पंचाहत्तरीचे असतील तर नवी पॉलिसी मिळवणे जिकिरीचे होते.

नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात म्हटले होते की देशातले किमान तीस टक्के लोक, म्हणजे सुमारे चाळीस कोटी, कोणत्याही आरोग्य संरक्षणाविना आहेत. सरकारी योजनेत बसण्याइतके ते गरीब नाहीत आणि बाजारातली पॉलिसी परवडण्याइतके सधन नाहीत. पेन्शनवर जगणारे निलंग्याचे किंवा देगलूरचे जोडपे अनेक वर्षे नेमके याच पट्ट्यात होते.

दवाखाना कुठला

पॉलिसी घेताना आणखी एक बाब नजरेआड होते. अनेक कंपन्या देशाचे विभाग पाडतात. मुंबई, पुणे, हैदराबाद महाग विभागात, लातूर-नांदेड स्वस्त विभागात. हप्ता कमी लागतो म्हणून लोक खूश असतात. पण स्वस्त विभागाची पॉलिसी घेऊन महाग शहरात उपचार घेतले तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा असतो. नांदेडहून गंभीर रुग्ण सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला न्यायचा आणि लातूरहून सोलापूर किंवा पुण्याला, ही या भागाची जुनी रीत आहे. म्हणून ही अट इथल्या लोकांसाठी फार महत्त्वाची ठरते. २०२० मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत मात्र विभागवार दर लावायला मनाई आहे. तीत बिलाच्या पाच टक्के वाटा रुग्णाचा, खोलीभाडे दिवसाला पाच हजारांपर्यंत आणि मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला चाळीस हजारांपर्यंतची मर्यादा, अशा अटी सर्व कंपन्यांत सारख्याच असतात. तुलना करायला ती सोपी पडते.

सरकारी योजनांतही हा प्रश्न आहेच. वय वंदना कार्ड राज्याबाहेर चालते, फुले योजना मुख्यतः राज्यातल्या दवाखान्यांपुरती आहे. नवऱ्याला हैदराबादच्या यादीतल्या रुग्णालयात कार्डावर उपचार मिळू शकतात आणि त्याच घरातल्या बायकोला ते मिळत नाहीत, अशी विचित्र स्थिती वयातल्या अंतरामुळे तयार होते.

स्थानिक सोयी नाहीत असेही नाही. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. १९६६ साली सुरू झालेले विवेकानंद रुग्णालय आहे, ज्याच्या उभारणीतले डॉ. अशोकराव कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला याच रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यानंतर पेन्शनर कुटुंबांत खासगी दवाखान्याची आणि म्हणून खासगी पॉलिसीची ओढ वाढली असेल तर तिला दोष देता येत नाही. सरकारी रुग्णालय खात्रीचे असेल तर विम्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

ती एकटी उरते तेव्हा

या सगळ्या हिशेबाचे टोक वेगळ्याच ठिकाणी आहे. बायका सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त जगतात. त्यात वयातले आठ-दहा वर्षांचे अंतर मिळवले की वैधव्याची वर्षे दहाच्या पुढे सहज जातात. राज्याच्या नियमाप्रमाणे पूर्ण पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी असते आणि सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. शेवटचे मूळ वेतन ६० हजार असेल तर नवऱ्याची मूळ पेन्शन ३० हजार आणि त्याच्या मागे तिची १८ हजार, अधिक महागाई भत्ता. घराचे उत्पन्न चाळीस टक्क्यांनी घटते आणि त्याच वर्षांत तिचा हप्ता वयोगटाच्या पायऱ्या चढत असतो. विम्याची सर्वांत जास्त गरज आणि सर्वांत कमी पैसा हे दोन्ही तिच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

कागदांचे ज्ञानही बहुधा नवऱ्याकडेच असते. फ्लोटर त्याच्या नावावर, नूतनीकरणाचा संदेश त्याच्या मोबाइलवर, हप्ता त्याच्या खात्यातून. वार्षिक पॉलिसीला नूतनीकरणासाठी तीस दिवसांची सवलत असते. घरात दुःखाचे दिवस असताना ते तीस दिवस निघून गेले तर अनेक वर्षांचे हप्ते भरून मिळवलेले सातत्य संपते आणि प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. खरे तर उरलेल्या जोडीदाराला ती पॉलिसी पुढे चालवता येते, आणि मोठा सदस्य कमी झाल्याने फ्लोटरचा हप्ता तिच्या वयाप्रमाणे खालीही येतो. हे तिला आधी कुणी सांगितलेले असावे लागते.

करसवलतीतही वयाचे अंतर दिसते. जुन्या करपद्धतीत जोडप्यातला एक जण ज्येष्ठ असेल तर हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही त्या मर्यादेत धरता येतो. पण बायको साठीची झालेली नसेल तर तिच्या औषधपाण्याचा खर्च या सवलतीत बसत नाही. नव्या करपद्धतीत यातले काहीच मिळत नाही.

इतरांनी काय केले

हा प्रश्न मराठवाड्याचा एकट्याचा नाही. अमेरिकेत मेडिकेअर पासष्टीला आणि ज्याच्या त्याच्या वयानुसार मिळते. नवरा सदुसष्टीचा आणि बायको साठीची असेल तर तिला पाच वर्षांची सोय वेगळी बघावी लागते. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे निवृत्तीचे वर्ष ठरवतानाच हा हिशेब मांडतात. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्ये खासगी विम्याचा दर आजच्या वयावर ठरवता येत नाही, तरुण आणि वृद्ध यांना मूळ हप्ता सारखाच. तरुणपणी विमा न घेता उशिरा येणाऱ्यांना तेवढी वाढ लागते.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे आहे. तिथल्या सरकारने १ जुलै २०२२ पासून मेडिसेप ही योजना सुरू केली. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये पगारातून किंवा पेन्शनमधून कापून तीन लाखांचे संरक्षण, कर्मचारी, पेन्शनर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय सगळ्यांना, वय न विचारता. दावे आणि दवाखान्यांच्या सहभागावरून तिथे तक्रारी झाल्या, पण सर्वांचा हप्ता एकत्र केला की वयाचे ओझे एकट्या कुटुंबावर पडत नाही, हे तत्त्व तिथे अमलात आले. लाखो पेन्शनर असलेल्या महाराष्ट्राला तसे करणे अशक्य नाही.

निवड करताना

वयात पाच वर्षांहून जास्त अंतर असलेल्या जोडप्याने फ्लोटर आणि दोन वेगळ्या पॉलिसी, दोन्हींचे दर लेखी मागवावेत. निवृत्तीची वाट न पाहता, धाकट्या जोडीदाराच्या नावाने पन्नाशीतच स्वतंत्र पॉलिसी सुरू केली तर साठीपर्यंत तिचे सगळे प्रतीक्षा काळ संपलेले असतात. पैसे कमी असतील तर मोठ्याला सत्तरीनंतर वय वंदना कार्डावर ठेवून खासगी हप्त्याचा भार तिच्या पॉलिसीकडे वळवता येतो. मात्र मोठ्याची जुनी पॉलिसी सोडण्याआधी आपल्या जिल्ह्यातले कोणते दवाखाने कोणत्या उपचारासाठी यादीत आहेत, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे, कारण सोडलेली पॉलिसी सत्तरीनंतर त्याच अटींवर परत मिळत नाही. कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटीचा अर्ज नूतनीकरणाच्या दीड महिना आधी द्यावा, म्हणजे पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत.

आणि सरकारकडे मागणे एवढेच. सत्तरी गाठलेल्या व्यक्तीला वय वंदना कार्ड देताना तिच्या जोडीदाराचे वय न पाहता त्यालाही त्याच कार्डात घ्यावे. राज्याच्या निवृत्तांच्या समूह विम्यात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेचा हप्ता निम्मा करावा. लातूर-नांदेडच्या पेन्शनर संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीपत्रात पुढच्या वेळी या दोन ओळी जरूर लिहाव्यात.